कासवं बघायला

पहाडगंजात राहणाऱ्या माणसाला समुद्र विसरायची सोय नाही. समुद्र गाडीने दोन रात्रींवर, पण नवी दिल्ली स्टेशनाकडून मेन बझारात शिरलात की पार रामकृष्ण आश्रम मेट्रोपर्यंत दुकानांना जे टांगलेलं असतं ते सगळं किनाऱ्यावरचं. फुलाफुलांच्या चड्ड्या, ॐ छापलेल्या लुंग्या, आणि तीन त्रिकोण व चार दोऱ्या एवढ्यावर भागवलेले पोहण्याचे पोशाख. हे कपडे इथे जानेवारीत घातले तर न्यूमोनिया होईल आणि मे महिन्यात घातले तर कातडी सोलून निघेल. तरी खपतात. कारण इथला गिऱ्हाईक दिल्लीला आलेला नसतोच, तो दिल्लीतून निघालेला असतो. साठच्या दशकात इस्तंबूल, तेहरान, काबूल करत खुष्कीच्या मार्गाने हिप्पी यायला लागले, तेव्हापासून ही प्रथा आहे. पहाडगंजात पाठ टेकायची, पोट बिघडवून घ्यायचं आणि गोव्याला जायचं.

मराठी माणसाला पहाडगंज माहीत असतं ते बृहन्महाराष्ट्र भवनामुळे. चारधामच्या वाटेवर तिथे एक रात्र काढलेली असते आणि ‘पिठलं मिळालं हो दिल्लीत!’ हे पुढची वीस वर्षं सांगितलेलं असतं. आम्हा कायमच्या रहिवाशांना ते नूतन मराठी शाळेमुळे घरचं वाटतं. पण हे सगळं माझ्या इमारतीखालच्या ट्रॅव्हल एजंटला कोण सांगणार? मी तिसऱ्या मजल्यावर राहतो, रोज संध्याकाळी हातात दुधाची पिशवी आणि कोथिंबीर घेऊन जिना चढतो, आणि रोज तो मला विचारतो,

“गोवा, सर?”

“अरे, मी वर राहतो.”

“तब तो जाना बनता है, सर.”

कोथिंबीर घेऊन हिंडणारा परदेशी प्रवासी त्याने कुठे पाहिला होता कोण जाणे. एकदा मात्र त्याने आवाज खाली आणला. आजूबाजूला पाहिलं. मला वाटलं, आता हा गांजा काढतो.

“सर, एक स्पेशल बीच है. वहाँ कोई कपड़े-वपड़े नहीं पहनता.”

“तुम्ही पाहिलाय?”

“हम तो सर, मुरैना के आगे नहीं गए.”

हा किस्सा मी गंमत म्हणून शेजारच्या नानांना सांगितला. नाना केंद्र सरकारातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेत. त्यांना गंमत सांगितली की ते तिची फाईल उघडतात. दोन दिवसांनी ते दारात उभे. “विचार केला. आपण कासवं बघायला जाऊ.”

“कुठली कासवं?”

“ऑलिव्ह रिडले. मोरजीला येतात. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972, पहिली अनुसूची. वाघाच्या बरोबरीचं संरक्षण आहे त्यांना.” मग चष्मा पुसत, अगदी सहज, “तो एजंट म्हणतो तो किनारा तिथून जवळच असेल, नाही का?”

नानांचं निसर्गप्रेम मला नवीन होतं. कावळा आणि कबूतर यांतला फरक ते रंगावरून ओळखतात. गच्चीवरच्या माकडाने त्यांची बनियन पळवली तेव्हा त्यांनी महापालिकेला जे पत्र लिहिलं होतं, त्यात प्राणिमात्रांविषयी ममत्व कुठेच दिसलं नव्हतं. पण आता त्यांनी दुर्बीण विकत घेतली. पक्ष्यांचं पुस्तक घेतलं. आणि माझंही काही वेगळं नव्हतं. ऑफिसात रजेच्या अर्जावर ‘सागरी जैवविविधता’ असं कारण लिहिताना माझा हात थरथरला नाही. साहेबांनी अर्ज वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “गोवा?”

सगळं सुरळीत चाललं होतं, इतक्यात नानांच्या पत्नीने, मालतीकाकूंनी, घात केला. “कासवं? अगंबाई! मी पण येते,” म्हणाल्या. काकूंना खरोखरच कासवं बघायची होती. त्यांचं माहेर रत्नागिरीचं. त्याच जिल्ह्यात वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने 2002 पासून कासवांची अंडी राखायचं काम सुरू केलं, तिथे आता कासव महोत्सव भरतो, आणि माहेरच्या सगळ्या बहिणी-वहिन्या तो बघून आल्या, आपणच राहिलो, ही खंत त्या कितीतरी वर्षं बाळगून होत्या. नानांचा चेहरा त्या क्षणी फाईल हरवलेल्या कारकुनासारखा झाला. “अगं, तिथे चालावं लागतं वाळूतून,” ते म्हणाले. “वाळूत वाढलेय मी,” काकू म्हणाल्या आणि मेथीचे ठेपले लाटायला बसल्या.

ज्या गावी कपड्यांची गरज नाही असं आम्ही ऐकून होतो, त्या गावासाठी आमचं सामान सात नग झालं. जानेवारीचा शेवट, दिल्लीत धुकं. निजामुद्दीनला गोवा एक्सप्रेसमध्ये चढलो तेव्हा नानांच्या अंगात थर्मल, शर्ट, बिनबाह्यांचा स्वेटर, बाह्यांचा स्वेटर, वर कोट आणि डोक्याला कानटोपी एवढं होतं. मग गाडी दक्षिणेकडे सरकली तसे नाना सुटे व्हायला लागले. भुसावळला कोट गेला. मनमाडला पहिला स्वेटर. पुण्याला काकूंची बहीण डबा घेऊन आली तोवर ते शर्टावर आले होते. “भावजी, गोव्याला? या वयात?” तिने विचारलं. “कासवं बघायला,” नाना, काकू आणि मी तिघं एकदम म्हणालो. तिघांतल्या एकाच आवाजात प्रामाणिकपणा होता आणि बहिणीने तो बरोबर ओळखला. गाडी सुटल्यावर नाना माझ्या कानात म्हणाले, “या वेगाने वास्कोपर्यंत काय अवस्था होईल रे?”

प्रवासात नानांनी मला टिपण वाचून दाखवलं. सरकारी माणसाला कुठलीही गोष्ट करायची तर आधी पूर्वपीठिका लागते. कपडे न घालण्याची परंपरा मुळात महाराष्ट्राचीच आहे, असं त्यांना फाईलवर आणायचं होतं. पूर्वपीठिका एक: इतिहासाला माहीत असलेला जगातला पहिला निसर्गवादी क्लब जर्मनीत नाही, फ्रान्सात नाही, आपल्या मुंबई इलाख्यात निघाला. साल 1891. काढला चार्ल्स क्रॉफर्ड नावाच्या जिल्हा व सत्र न्यायाधीशाने. नाव फेलोशिप ऑफ द नेकेड ट्रस्ट. मुक्काम माथेरान.

“माथेरानला?” काकू वरच्या बर्थवरून म्हणाल्या. त्यांना झोप लागली आहे असा आमचा समज होता. “अहो, किती माकडं आहेत तिथे! जीव मुठीत घेऊन बसावं लागलं असेल.”

“सभासद किती होते?” मी विचारलं.

“तीन.”

“आपणही तिघंच आहोत,” काकू म्हणाल्या आणि कूस बदलली. डब्यात बराच वेळ शांतता पसरली.

नाना सावरून पुढे वाचायला लागले. तीन सभासद म्हणजे स्वतः न्यायाधीश आणि एका मिशनऱ्याचे दोन मुलगे. पण नियमावली मात्र होती. अंगावर काहीही असू नये. अपवाद फक्त अंगठी, चष्मा आणि कवळी. तीन माणसांच्या संस्थेला घटना लागते आणि त्या घटनेत अपवाद लागतात, हे वाचून मला तो न्यायाधीश अस्सल मराठी वाटायला लागला. चष्मा आणि कवळी या दोन सवलती ऐकून नानांनाही धीर आला असावा, कारण त्यांच्याकडे दोन्ही आहेत.

“मग बंद का पडला क्लब?”

“बदली झाली,” नाना खोल आवाजात म्हणाले. निवृत्त सरकारी नोकराच्या घशातून तो शब्द असाच निघतो. “न्यायाधीशसाहेबांची बदली झाली. रत्नागिरीला.”

“आमच्या रत्नागिरीला?” काकू उठून बसल्या. “मग बरोबर. तिथे कोण चालवून घेईल? दुसऱ्या दिवशी वाडीभर झालं असतं.”

पूर्वपीठिका दोन: र. धों. कर्वे यांनी 1927 ते 1953 अशी सव्वीस वर्षं ‘समाजस्वास्थ्य’ काढलं. मुखपृष्ठावर विवस्त्र स्त्रीचं चित्र छापलं, खटले झाले तरी मागे हटले नाहीत, आणि 1934 च्या खटल्यात त्यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर आंबेडकर. पूर्वपीठिका तीन: 1995 ची ती बुटांची जाहिरात. मिलिंद सोमण आणि मधू सप्रे, दोघंही आपलीच माणसं. पायांत बूट, अंगाभोवती अजगर, बाकी पुरवणी निरंक. खटला चौदा वर्षं चालला आणि दोघंही सुटले. नानांना त्यातलं सगळ्यात आवडलेलं कलम म्हणजे, अजगर वापरला म्हणून वन्यजीव कायद्याखालीही तक्रार झाली होती. “बघ,” ते म्हणाले, “विवस्त्रता आणि वन्यजीव हे दोन विषय शासनाने आधीच एकत्र जोडलेले आहेत. आपण नवीन काही करत नाही.”

एजंटचा स्पेशल किनारा हरमलला होता. पोचलो. पहिला दिसला तो फलक. नग्नतेस सक्त मनाई. त्याच्या खाली उभं राहून लोक सेल्फी काढत होते. सत्तरच्या दशकात हणजूणला हिप्पी खरोखर विवस्त्र पडून असायचे आणि त्यांना बघायला इस्त्रीचे कपडे घातलेली माणसं बसमधून यायची. मग पंचायती चिडल्या, फलक लागले, हिप्पी म्हातारे झाले. बघणारे मात्र टिकले. आमच्यासमोरच एक टेम्पो ट्रॅव्हलर थांबला, त्यातून पंधरा-वीस पुरुष उतरले आणि त्यातल्या प्रमुखाने जीवरक्षकाला विचारलं, “भैया, कहाँ है?” काय कुठे आहे, हे त्याने सांगितलं नाही आणि जीवरक्षकानेही विचारलं नाही. त्याने नुसता समुद्राकडे हात केला. ते सगळे त्या दिशेने चालत गेले. संध्याकाळपर्यंत चालतच होते.

आम्ही किनारा वरपासून खालपर्यंत पाहिला. परदेशी माणसं होती, पण अंगावर व्यवस्थित कपडे होते. एक योगासनं करत होती, एक बासरी शिकत होता, दोघं मराठी न येणाऱ्या नजरेने कांदेपोह्यांकडे बघत होते. एक पिकलेला म्हातारा पालथा झोपला होता आणि त्याच्याबद्दल शंका घेता येईल इतकं अंतर होतं. पण तो उठला तेव्हा कळलं की त्याची चड्डी कातडीच्या रंगाची आहे. नानांनी दुर्बीण खाली ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर महागाई भत्ता नाकारला गेल्याचं दुःख होतं. अख्ख्या किनाऱ्यावर विवस्त्र असे फक्त प्राणी होते, आणि ते मात्र खूप होते.

मग नाइलाजाने आम्ही ते बघायला लागलो. ओहोटीच्या वाळूवर शेंगदाण्याएवढे खेकडे बिळाभोवती वाळूच्या गोळ्या वळून ठेवत होते. वाळू तोंडात घालायची, त्यातलं खाण्याजोगं चाटून घ्यायचं, उरलेल्याची गोळी करून मागे टाकायची. भरती आली की सगळी मेहनत पुसली जाते आणि सहा तासांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू. “आमचं सेक्शन असंच चालायचं,” नाना पहिल्यांदाच मनापासून म्हणाले. कड्याच्या बाजूने एक सागरी गरुड आला, पोट पांढरं, पंख थोडे वर उचललेले, आणि पाण्यावरून जाता जाता त्याने मासा उचलला. नानांनी पुस्तकात शोधून काढेपर्यंत तो मासा खाऊन झाला होता.

काकूंना मात्र शंखातल्या खेकड्याने वेड लावलं. या बिचाऱ्याचा मागचा भाग मऊ आणि उघडा असतो, कवच नसतं. त्यामुळे तो मेलेल्या गोगलगायीचा शंख शोधून त्यात अंग लपवतो आणि वाढला की मोठा शंख बघतो. एखादा चांगला रिकामा शंख किनाऱ्याला लागला की हे खेकडे आकाराप्रमाणे रांग लावतात. सगळ्यात मोठा नव्या शंखात शिरला की त्याचा जुना दुसरा घेतो, दुसऱ्याचा तिसरा. “म्हणजे थोरल्याचा शर्ट मधल्याला, मधल्याचा धाकट्याला,” काकू म्हणाल्या. “आमच्याकडे असंच होतं. चांगल्या घरचे दिसतात.” विवस्त्रांच्या म्हणून गाजलेल्या किनाऱ्यावर लाजेने कपडे शोधत फिरणारा तेवढाच एक जीव आम्हाला भेटला आणि काकूंनी त्याला लगेच आपल्यात घेतला.

संध्याकाळी मी समुद्रात उतरायचं ठरवलं. आता इथे मला मराठी पुरुषाच्या एका कलेविषयी बोललं पाहिजे. जगातल्या कुठल्याही उघड्या जागी, गंगेच्या घाटावर असो वा यष्टी स्टँडवर, तो टॉवेल गुंडाळून आतल्या आत संपूर्ण कपडे बदलू शकतो. टॉवेलचं एक टोक दातात, दुसरं काखेत, एका पायावर उड्या मारत, आणि हे चालू असताना समोरच्याशी राजकारणावर बोलत. माझे वडील यात निष्णात होते. मी ही विद्या घेऊन हरमलच्या किनाऱ्यावर उभा राहिलो तेव्हा बासरीवाला वाजवायचा थांबला. योगवाली वाकलेल्या अवस्थेतून उलट्या डोक्याने बघायला लागली. अर्ध्या जगाला अंग झाकून कपडे बदलणारा माणूस हीच नवलाई होती.

कला जमत आली होती. जुनी चड्डी उतरली होती, नवी यायची होती. त्या दोन चड्ड्यांमधल्या नाजूक काळात किनाऱ्यावरच्या एका कुत्र्याने टॉवेलचं लोंबणारं टोक पकडलं. गोव्याचे किनाऱ्यावरचे कुत्रे दुष्ट नसतात, खेळकर असतात. आणि खेळकर कुत्र्यापुढे माणसाचं काही चालत नाही. टॉवेल दातात असल्यामुळे मला ओरडता येईना. ओरडण्यासाठी तोंड उघडलं आणि टॉवेल गेला.

शिट्टी वाजली. जीवरक्षक धावत येताना दिसला. माणूस बुडत असता तर इतक्या वेगाने आला नसता असं मला उगीचच वाटलं.

“ओ काका! इथे चालत नाही! बोर्ड वाचला नाही?”

मी वाळूत उकिडवा बसून, दोन्ही हात शक्य तिथे ठेवून म्हणालो, “मी कासवं बघायला आलोय.”

“सगळे तेच सांगतात,” तो म्हणाला.

टेम्पो ट्रॅव्हलरमधली मंडळी तेवढ्यात परत येत होती. त्यांचे दिवसभराचे कष्ट फळाला आले होते, पण त्यांच्या तोंडावर मी निराशेखेरीज काही पाहिलं नाही. प्रमुख तर उघडच म्हणाला, “इसके लिए इंदौर से आए?” सार्वजनिक ठिकाणच्या अश्लील कृत्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम 296 प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, ही माहिती नानांनी मला तिथल्या तिथे दिली. ती देताना त्यांच्या डोळ्यांवर दुर्बीण होती. काकू शांतपणे आल्या, खांद्यावरची शाल माझ्यावर टाकली आणि नवऱ्याला म्हणाल्या, “अहो, काय त्यात बघण्यासारखं? मामंजी जन्मभर पंच्यात हिंडले, तो पंचाही कधी जागेवर नसायचा.”

रात्री मोरजीला टेंबावर गेलो. वनखात्याच्या माणसांनी घरट्यांना जाळीचं कुंपण घातलेलं होतं, प्रत्येकाला तारखेची पाटी. मादी रात्री येते, मागच्या वल्ह्यांनी खड्डा करते, शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू थोपटते आणि निघून जाते. पन्नासेक दिवस पुढचं सगळं वाळूच बघते. वाळू उबदार असली तर माद्या जास्त निघतात, थंड असली तर नर. आम्ही गेलो त्या रात्री मादी आली नाही, आम्ही फक्त डासांना दिसलो. पहाटे मात्र एका पाटीपाशी गडबड झाली. बशीतल्या बिस्किटाएवढी काळी पिल्लं वाळूतून वर आली, थोडी भांबावली आणि क्षितिजाच्या उजेडाकडे धावत सुटली. त्यांना कोणी दिशा सांगितलेली नसते. जिकडे उजेड तिकडे समुद्र, एवढंच त्यांना कळतं. म्हणून शॅकचे दिवे लागलेले असले तर ती समुद्र सोडून बारमध्ये जातात. त्यांच्या दोन्ही बाजूंना आम्ही पन्नास माणसं, स्वेटर-शालींत गुंडाळलेली, वाकून बघत होतो. एकाही पिल्लाने आमच्याकडे ढुंकून पाहिलं नाही.

“यातला नर एकदा समुद्रात गेला की सहसा पुन्हा किनाऱ्यावर येत नाही,” वनरक्षकाने सांगितलं. “मादीच परत येते, अंडी घालायला.”

काकूंनी नानांकडे पाहिलं, मग वनरक्षकाकडे. “यांना पण सोडता येईल का हो?”

नाना हसले नाहीत. ते गुडघ्यांवर बसून शेवटच्या पिल्लाला बघत होते, आणि दुर्बीण पिशवीत होती.

आता तुम्ही कासवं बघायला जाणार असाल तर जरूर जा. नोव्हेंबर ते मार्च हंगाम असतो. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग, आणि घरच्यांना पटवायचं असेल तर वेळास. फ्लॅश मारू नका, टॉर्च लावू नका, पिल्लं उचलू नका. टॉवेल मोठा न्या आणि कुत्र्यांपासून लांब उभे राहा. आणि दुर्बीण वापरायचीच असेल तर समुद्राकडे तोंड करून वापरा.